शेरू 'अचानक' चावला नव्हता

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. बऱ्याच जणांकडून एकच प्रश्न ऐकते: "ताई, आमचं पिल्लू इतकं प्रेमळ होतं, अचानक चावायला लागलं. काय करू?" मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. पण आमच्या दिघ्याच्या घरात हे घडलंय, म्हणून बोलतेय.

आमचा शेरू. गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. दोन महिन्यांचा होता तेव्हा गल्लीतल्या एका हातगाडीखालून उचलून आणला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चार माणसं आणि हा पाचवा. गेल्या दिवाळीत तो दहा महिन्यांचा होता. सुट्टीला माझा आठ वर्षांचा भाचा आला होता. भाऊबीजेच्या दुपारी शेरू कॉटखाली झोपला होता. भाच्याने वाकून त्याच्या कानाला हात लावला, आणि शेरूने त्याच्या तळहाताचा चावा घेतला. ना भुंकला, ना गुरगुरला. थेट दात. रक्त आलं.

आई ओरडली, "हळद आण!" माझ्या हातात डबाही आला होता. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "हळद नको, आधी नळाखाली धर." हे पहिलं लक्षात ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. मोबाईलवर टायमर लावा, कारण पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप लांब असतात. हळद, चुना, मिरची, तेल, काहीही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना.

आम्ही रिक्षा करून पालिकेच्या हॉस्पिटलला गेलो. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत द्यायची लस असेल तर चार फेऱ्या असतात: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही देतात. सुई बघून भाचा रडला नाही, मी रडले. कारण डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याचं लसीकरण पूर्ण आहे?" आणि मला आठवलं, पहिला डोस झाला होता, बूस्टर "पुढच्या आठवड्यात" करत राहून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर साधारण दहा दिवसांच्या आत तो आजारी दिसतो किंवा मरतो. पण माणसाची लस त्यासाठी थांबवायची नाही, ती लगेच सुरू. कारण लक्षणं दिसल्यावर रेबीजमधून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

ते दहा दिवस मी कॅलेंडरवर रोज फुली मारत होते. शेरू दाराजवळ बांधलेला. पाणी पितोय का, खातोय का, चाल बदलली का, एवढंच बघायचं. घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. बाबा म्हणत होते, "दहा दिवस झाले की याला लांब नेऊन सोडू." गल्लीतला एक जण म्हणाला, "एकदा चांगला बडव, मालक कोण ते कळेल."

चौथ्या रात्री झोप येईना म्हणून शेरूचे जुने व्हिडिओ बघत बसले. त्यात एक रील सापडली. चाव्याच्या तीन आठवडे आधीची. भाऊ शेरूच्या कानाशी मस्ती करतोय, शेरू गुरगुरतोय, आणि आम्ही सगळे हसतोय. वर लिहिलंय, "साहेबांना राग आला." खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस. या वेळी मी आवाज बंद करून बघितली. शेरू आधी तोंड फिरवतो. मग जीभ नाकावर फिरवतो. जांभई देतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. अंग ताठ होतं. मग गुरगुरतो. आणि शेवटच्या दोन सेकंदांत बाबांची चप्पल त्याच्या पाठीवर बसते.

बावीस सेकंदांत त्याने सहा वेळा सांगितलं, "नको." त्याचं उत्तर चपलेने मिळालं. तसे फटके त्याने नंतरही दोन-तीनदा खाल्ले. तेव्हा तो काय शिकला? राग सोडायला नाही. फक्त गुरगुरायचं नाही, एवढंच शिकला.

मित्रांनो, मला आज हेच सांगायचंय. गुरगुरणं हा गुन्हा नाही, तो हॉर्न आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या ट्रकचा हॉर्न काढून टाकला तर ट्रक थांबतो का? थांबत नाही, फक्त न सांगता येतो. कुत्रा गुरगुरला तर हात मागे घ्या, जागा द्या, आणि नंतर शांतपणे शोधा की त्याला काय नको होतं.

आणि ते "मालक कोण ते दाखव" प्रकरण. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्रामालकांची पाहणी छापली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांपैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलट चवताळला होता.

दहा दिवस संपले. शेरू ठणठणीत होता. मग प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पडलेला कान उचलून आत बघितलं. आत जुना संसर्ग, पू झालेला. म्हणजे सगळे ज्या कानाशी मस्ती करत होते, तोच दुखत होता. त्यात दिवाळीचे फटाके, घरात पाहुणे, झोप नाही. म्हणून तरुण कुत्रं एकाएकी बदललं तर आधी दुखणं तपासा: कान, दात, सांधे, पोट, गोचिडाचा ताप. ट्रेनर नंतर.

पण प्रत्येक चावा म्हणजे आक्रमकपणा नाही. साधारण चार ते सात महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के दात येतात, तेव्हा पिल्लू सगळंच चावतं, चप्पल, चार्जर, तुमची बोटं. अंग सैल असतं, शेपटी हलत असते. तेव्हा हात बाजूला घ्या, खेळ थांबवा, चघळायला दुसरं काही द्या. अंग ताठ आणि नजर रोखलेली असेल, तर मामला वेगळा.

आम्ही घरात काय बदललं? एक, कॉटखालची गोणपाटाची जागा शेरूची. तिथे असताना कोणी हात लावायचा नाही. जेवताना आणि झोपेतही नाही. दोन, लहान मूल आणि कुत्रा, दोघांना कधीच एकटं सोडायचं नाही. तीन, तोंडात काही पळवलं तर ओढायचं नाही, चिकनचा तुकडा दाखवून अदलाबदल करायची. चार, मझल, म्हणजे मुसकं. जाळीचं घ्यायचं, त्यात त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. रोज त्यातून खाऊ देत देत दोन आठवड्यांत सवय लागली. पाच, सकाळी दिघा गाव स्टेशनकडे जाणारी गर्दी सुरू व्हायच्या आत लांब फेरी. आणि बूस्टर त्याच आठवड्यात.

एवढं करूनही कुत्रा पुन्हा चावत असेल, तर युट्यूबवर उपाय शोधत बसू नका. डॉक्टरांकडे जा, आणि मारून न शिकवणारा ट्रेनर बघा. रस्त्यावर सोडून देणं हा उपाय नाही. तिथे तो दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला चावेल.

आता भाचा येतो तेव्हा कॉटवर बसतो, हात खाली सोडतो आणि वाट बघतो. शेरूला वाटलं तर येतो, नाही वाटलं तर नाही. मागच्या वेळी आला नाही. भाचा म्हणाला, "आज त्याचा मूड नाही." घरातल्या मोठ्यांना जे आठ महिन्यांत कळलं नाही, ते त्याला तळहातावरच्या दोन खुणांनी शिकवलं. ते त्याने असं शिकायला नको होतं, हे मला कायम बोचत राहणार.

ती रील मी इन्स्टावरून काढली, पण फोनमधून डिलीट केली नाही. तुमच्याही फोनमध्ये अशी एखादी असेल. आज रात्री ती आवाज बंद करून बघा. आणि उठून लसीच्या कार्डावरची तारीख तपासा. आत्ताच. एपिसोड संपलाय, मी थांबते.