पाण्यातील प्रसूती : सोय किती, सुरक्षितता किती?

(माता रमाई जयंतीच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बाबासाहेब व रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामायेचे निधन झाले. बाळंतपण हा विषय त्यामुळे आम्हांला या व्यासपीठाबाहेरचा वाटत नाही.

कारण घडले ते असे. आमच्या वस्तीतील एका सुनेने मोबाईलवर पाण्याच्या टबात बाळ जन्मताना पाहिले आणि सासूला विचारले, "आत्या, असं आपल्याकडं होतं का?" सासूने कपाळावर हात मारला. आम्हीही श्रीमंतांचे चोचले म्हणून हसलो. ते आमचे चुकलेच. कालामांना तपासून स्वीकारा असे सांगणाऱ्या तथागतांचे नाव घ्यायचे आणि न तपासता नाकारायचे, हे कसे चालेल? आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत आकडे जुळवणारे. तेव्हा आकड्यांकडेच वळलो.

फ्रान्समध्ये पिथिविए या गावच्या रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ यांनी कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून कोमट पाण्याचा हौद ठेवला. काही स्त्रियांना त्यातून बाहेर यावेसेच वाटेना, आणि बाळे पाण्यातच जन्मली. अशा शंभर प्रसूतींचा वृत्तांत त्यांनी १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये दिला. (लुंबिनीत महामाया उभ्यानेच प्रसूत झाली, अशी आपली परंपरा सांगते. बाईने आडवेच पडले पाहिजे हा नियम निसर्गाचा नव्हे!)

पाण्यात अंग हलके होते, कूस बदलणे सोपे जाते, कळांचा ताण कमी होतो. १५ चाचण्या व ३,६६३ स्त्रियांचा २०१८ सालचा कोक्रेन आढावा सांगतो की, कळांच्या काळात पाण्यात बसल्याने पाठीतल्या भुलीची गरज थोडी घटते आणि आई वा बाळाला जादा अपाय झाल्याचे दिसत नाही. प्रत्यक्ष जन्म पाण्यात व्हावा का, यावर मात्र मतभेद आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला की, पूर्ण दिवस भरलेल्या, धोका नसलेल्या स्त्रीला कळा पाण्यात सोसण्याची मुभा देता येईल, जन्म मात्र पाण्याबाहेर व्हावा. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात ८७ हजारांवर स्त्रियांनी टब वापरला होता. २०२४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : धोका नसलेल्या स्त्रियांचा जन्मही पाण्यात झाला, तरी आई-बाळाचा धोका वाढत नाही.

हा निष्कर्ष ऐकून कोणी घरी टाकी भरायला घेऊ नये. तो तेथील प्रशिक्षित सुईणींच्या देखरेखीचा आहे. पाणी ३७.५ अंशांहून गरम चालत नाही. ते तासातासाला मोजावे लागते. निरोगी बाळ हवा लागेपर्यंत सहसा श्वास घेत नाही, पण गुदमरलेले बाळ पाण्यातच श्वास ओढू शकते. म्हणून त्याचे ठोके ऐकत राहावे लागते आणि जन्मताच त्याला अलगद वर घ्यावे लागते. घाईने ओढले तर नाळ तुटते. पाण्यात रक्तस्राव किती झाला, हे नजरेने नीट कळत नाही. पाणी अस्वच्छ असेल तर जंतुसंसर्ग होतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१४ साली एक अर्भक लिजिओनेला जंतूने दगावले.

आता आपला हिशोब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. जिच्या अंगात रक्तच कमी, तिला थोडा रक्तस्रावही जड जातो. रक्तदाब, जुळे, पायाळू बाळ, अपुरे दिवस, आधीचे सिझेरियन, यांपैकी काही असेल तर टबाचा विचार डॉक्टरांना विचारल्याखेरीज करूच नये. आपल्याकडे ही सोय आहे तीही शहरांतल्या मोजक्या खाजगी इस्पितळांत. कर्ज काढून तिच्यामागे धावावे, असे आम्हांला वाटत नाही.

पण त्या सुनेने मागितले काय होते? कळा सुसह्य व्हाव्यात, कोणी खेकसू नये, एवढेच. बाळंतिणीच्या विश्रांतीचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडला, तो राष्ट्रहिताचा म्हणून. कळांमध्ये चालू द्या, कूस बदलू द्या, कोमट पाण्याने कंबर शेकू द्या, सोबत घरची बाई असू द्या, या मागण्यांना टब लागत नाही.

ती सून आता पालिकेच्या रुग्णालयात नाव नोंदवून आली आहे. रक्त आठ निघाले. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पुढच्या तपासणीला सासूबाई सोबत जाणार आहेत आणि कळांच्या वेळी आत थांबता येईल का, हे त्याच विचारणार आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!