समुद्रात निमालेल्या आप्ताचा शोध

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव-समितीने मजकडे दोन शब्द बोलण्याची कामगिरी सोपविली, तेव्हा आपल्या धर्मग्रामाचा इतिहास मी सांगावा अशी तिची अपेक्षा असावी. परंतु तो इतिहास माझ्याहून जाणत्या मंडळींनी स्मरणिकेसाठी लिहून ठेवलाच आहे. म्हणून आज मी अशा एका मनुष्याविषयी बोलणार आहे की, ज्याचा बाप्तिस्मा वहीत आहे, दृढीकरण वहीत आहे, पण मृत्यूची नोंद कोणत्याच देवळात नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे धाकटे बंधू. आमच्या घरी त्यांस धाकटे आजोबा म्हणण्याचा प्रघात आहे. मृत्युसमयी ते माझ्या आजच्या वयाच्या निम्म्याहूनही लहान होते, तरी आम्हांस ते आजोबाच.

आपल्या दक्षिण कोकणातील आणि शेजारच्या गोव्यातील किती घरे बोटीवरच्या पगारावर उभी राहिली, हे आपणांस मी सांगावयास नको. मुंबईस धोबी तलावाच्या गल्ल्यांतून गावोगावच्या लोकांनी आपापल्या कुडी स्थापिल्या होत्या. दोन बोटींमधील बेकारीचे दिवस खलाशी तेथे काढी, सायंकाळी वेदीपुढे सर्वांसमवेत रोझरी म्हणे, आणि समुद्रावर जाताना आपली पेटी तेथेच ठेवून जाई. धाकटे आजोबाही असेच गेले. बोटीच्या पॅन्ट्रीत ते नोकर होते. हाती शस्त्र नव्हते, अंगावर सैनिकाचा वेष नव्हता. परंतु १९३९ साली महायुद्ध पेटले आणि व्यापारी बोटी सैन्य वाहू लागल्या, तेव्हा सैनिकाला जे मरण येते ते बशा धुणाऱ्यालाही येऊ लागले.

१९४४ च्या आरंभी घरी निरोप आला की, बोट बुडाली, मनुष्याचा तपास नाही. एवढेच. कोठे, कशाने, कोणत्या दिवशी, ह्यांतील काहीही नाही. माझ्या पणजीने मृतांसाठी मिस्सा ठेवू दिली नाही. ज्याचे प्रेत कोणी पाहिले नाही त्यास मेला म्हणण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असे ती विचारी. तिच्या मरणापर्यंत रात्री घराच्या दाराला आतून अडसर घातला जात नसे. माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे होते. काकाने खांद्यावर बसवून तरीपर्यंत नेले होते, एवढीच त्यांची आठवण.

काही वर्षांपूर्वी वडिलांनी मजजवळ इच्छा व्यक्त केली की, आपले डोळे मिटण्यापूर्वी काकाचे काय झाले ते कळावे. मी शोधास लागलो. हिंदी नौदलाच्या व व्यापारी बोटींच्या ज्या खलाशांस दुसऱ्या महायुद्धात समुद्रावाचून दुसरी कबर लाभली नाही, अशा सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका स्मरणग्रंथात लिहिली आहेत. त्याची एक प्रत मुंबईस मसजिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे व दुसरी चितगावला आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडील ह्या नोंदी आता कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत मी नाव शोधले आणि ते पहिल्याच दिवशी सापडले! त्याच सायंकाळी मी घरी जाऊन वडिलांस बोटीचे नाव व तारीख सांगितली. ते बराच वेळ निःशब्द बसून राहिले.

बंधुजनहो, ते नाव आमच्या मनुष्याचे नव्हते. पंधरा दिवसांनी ती नोंद मी पुन्हा लक्ष देऊन वाचली, तेव्हा बापाचे नाव निराळे दिसले, गावही निराळे. आपल्यात नावे थोडी आणि माणसे फार. संतांची आठदहा नावे व आडनावांचा तितकाच मेळ. त्यातून इंग्रज कारकून एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिही. हे ठाऊक असूनही आनंदाच्या भरात मी सावधपणा सोडला. आपली चूक वृद्ध पित्यास सांगावयास जाताना माझी पावले जड झाली होती. वडिलांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "तो दुसरा कोणाच्या तरी घरचाच होता ना? मग मिस्सा दोघांच्या नावाने ठेव. आणि आपल्या माणसाला आणखी शोध."

आता अडचण बोटीच्या नावाची होती. आमच्या घरी ते नाव 'रोहिणी' असे सांगत. मी रोहिणी शोधीत राहिलो. शेवटी कुडीतून परत आलेली जुनी पेटी माळ्यावरून खाली काढली. तिच्या झाकणाला आतून चिकटविलेल्या चिठोऱ्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होते: रोहना. पणजीच्या कानांनी परक्या नावाला आपल्या नक्षत्राचे रूप दिले होते!

रोहना ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२६ साली बांधलेली बोट. युद्धात तिच्यावर सैन्य चढविण्यात आले. नोव्हेंबर १९४३ मध्ये अल्जीरियातील ओरानहून ती एका तांड्याबरोबर पूर्वेकडे निघाली. तिच्यावर सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक होते, आणि ते सुएझमार्गे आपल्याच देशाकडे येत होते. त्यांतील पुष्कळजण विमानतळ बांधणारे कामगार-सैनिक असून, त्यांस ब्रह्मदेश-चीन आघाडीच्या कामासाठी हिंदुस्थानात उतरावयाचे होते. म्हणजे धाकटे आजोबा ज्या दिशेने चालले होते ती घराची दिशा होती.

२६ नोव्हेंबर १९४३, शुक्रवार. दिवस मावळतीस आला असता बूजी शहरासमोरील समुद्रात जर्मन विमानांनी हल्ला केला. त्यांजवळ एक नवे अस्त्र होते: पंख असलेला बाँब. विमानातला मनुष्य बिनतारी यंत्राने त्यास हव्या त्या दिशेस वळवी. तसा एक बाँब रोहनाच्या डाव्या कुशीत शिरला व आत फुटला. दीड तासाच्या आत बोट तळास गेली. समुद्र खवळलेला होता, पाणी थंड होते आणि पाहता पाहता अंधार पडला. 'पायोनियर' नावाच्या लहानशा अमेरिकन युद्धनौकेने एकटीने सहाशेंहून अधिक जीव उचलले. इतर नौकांनीही रात्री उशिरापर्यंत माणसे काढली. तरी १,०१५ अमेरिकन सैनिक प्राणास मुकले. शत्रूला आपल्या अस्त्राचे यश कळू नये म्हणून ही वार्ता दडपून ठेवण्यात आली. अमेरिकेतील मातापित्यांसही आपला मुलगा कसा गेला हे कळले नाही. आमच्या पणजीसारख्या शेकडो माता महासागराच्या पलीकडे त्याच अंधारात बसल्या होत्या, हे वाचले तेव्हा मजजवळचा पुष्कळसा राग ओसरला.

त्या कुटुंबांनी मात्र हार मानली नाही. १९९३ साली चार्ल्स ऑसगुड ह्या वृत्तनिवेदकाने नभोवाणीवर ही हकीकत सांगितली, तेव्हा वाचलेले लोक व मृतांचे आप्त एकमेकांस शोधू लागले. १९९६ साली अलाबामा राज्यात स्मारक उभे राहिले. २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मृतांचा गौरव करणारा ठराव केला. पुस्तके निघाली. ती पुस्तके मी आशेने उघडली. त्यांत सैनिकांची नावे रकानेच्या रकाने आहेत. बोटीवरच्या हिंदी नोकरांविषयी बहुधा आकडाच आहे: शंभरांहून अधिक. तो आकडाही पुस्तकागणिक थोडा कमीजास्त होतो.

आणखी एक गोष्ट लपविणे मला उचित वाटत नाही. वाचलेल्या काही सैनिकांनी खलाशांस दोष दिला आहे. बोट सोडताना त्यांनी स्वतःचाच जीव पाहिला, असे ते म्हणतात. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. पुढे वाचले तेव्हा त्याच साक्षींत असेही आढळले की, जीवरक्षक नावा सोडण्याची सामग्री गंजून घट्ट झालेली होती, आणि अनेक नावा पाण्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत किंवा उलटल्या. ज्यांनी स्वतःचाच जीव पाहिला असे म्हणतात, त्यांच्यातलेच शंभरांवर बुडाले. मी निवाडा करीत नाही. तो करणारा निराळा आहे. परंतु मेलेल्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहता येत नाही, म्हणून एवढे एक वाक्य त्याच्या बाजूने मी बोलून ठेवतो.

अखेर त्याच स्मरणग्रंथाच्या नोंदींत, रोहना ह्या बोटीखाली, ते नाव मिळाले. आडनावाचे एक अक्षर बदललेले होते. बापाचे नाव व गाव मात्र आमचेच. ह्या खेपेस मी घाई केली नाही. बाप्तिस्म्याच्या वहीशी ताडून पाहिले, पेटीतल्या कागदाशी ताडून पाहिले, आणि मगच वडिलांजवळ गेलो. त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "आता दाराला अडसर घालावयास हरकत नाही." त्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरला, सत्तराहून अधिक वर्षांच्या विलंबाने, आमच्या घराण्याने त्यांच्यासाठी मृतांची मिस्सा अर्पण केली. दुसऱ्या मनुष्याचे नावही त्याच मिस्सेत घेतले. पुढच्या वर्षी वडील वारले.

हे सर्व मी आपल्यापुढे का मांडले? आपल्या ह्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, हे मी घरोघरच्या भेटींत पाहतो. भिंतीवर टोपी घातलेल्या तरुणाचे छायाचित्र असते, आणि विचारले तर 'बोटीवर गेला होता' ह्यापलीकडे कोणाला सांगता येत नाही. अशांस माझी विनंती आहे. घरातील वृद्ध मंडळींस आजच विचारा. मनुष्याचे कागदावरचे नाव, घरचे नाव, बापाचे नाव व गाव, ही चारही लिहून ठेवा. आडनाव जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहा. बोटीचे नाव कानांवर विसंबून मानू नका. जुनी पेटी, मनीऑर्डरची पावती, फाटके पाकीट ह्यांतील काहीही जाळू नका. बाप्तिस्म्याच्या वहीसाठी मजकडे या; त्या कामासाठी माझे दार केव्हाही उघडे आहे. युद्धकाळातील बोटींच्या नोकरांचे करारनामे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत. तेथे पत्र लिहिण्यास मी साहाय्य करीन. आणि नाव सापडले तर, मी केली तशी घाई करू नका.

महोत्सवाचे स्मारक म्हणून आपण नवी घंटा बसविली, ते उत्तमच झाले. त्याबरोबर एक साधी वहीही आजपासून सॅक्रिस्टीत ठेवण्यात येत आहे. समुद्राने ज्यांस परत दिले नाही अशा आपल्या माणसांची नावे तीत लिहावयाची आहेत. जो मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो, त्याच्या घरी आकड्यांवर काम भागत नाही. आपल्याही भागू नये. पहिल्या पानावर दोन नावे मी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. एक माझ्या धाकट्या आजोबांचे, आणि दुसरे, ज्याचे घर मला अद्याप माहीत नाही, त्या त्यांच्या नामबंधूचे. ती दोन्ही नावे येत्या २ नोव्हेंबरला वेदीवरून वाचली जातील. म्हणून आज ती उच्चारीत नाही. त्या दिवसापर्यंत वहीत आणखी नावे यावीत, एवढीच आपणांपाशी मागणी करून मी आपली रजा घेतो.