आरोग्यसेवेचे संशोधन आणि गावातील आरोग्यदूत

सातवी-आठवी शिकलेली, गावातच नांदणारी एखादी स्त्री तान्ह्या बालकाच्या अंगातील जंतुसंसर्ग ओळखू शकेल काय? आणि ओळखल्यावर इंजेक्शन देऊन त्यावर उपचार करू शकेल काय? चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या वैद्यकीय परिषदेत हा प्रश्न विचारला गेला असता, तर त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच आले असते. आणि मुख्य म्हणजे ते उत्तर कोणतीही पाहणी न करता दिले गेले असते.

मित्रहो, आरोग्य कर्मचारी व आरोग्यसेवा यांविषयीचे संशोधन नेमके येथून सुरू होते. कोणते औषध गुणकारी, हे प्रयोगशाळा सांगते. ते औषध रोग्यापर्यंत कोणाच्या हातून पोहोचावे, किती वेळात पोहोचावे आणि पोहोचविणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे, हे सांगणारे शास्त्र निराळे आहे. या शास्त्राला महाराष्ट्राने दिलेले एक उदाहरण आज जगभर अभ्यासले जाते. ते पुण्या-मुंबईचे नसून गडचिरोलीचे आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. उच्च शिक्षणानंतरचे संशोधन सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावयाचे, असा जो समज आहे, तो या दोघांनी मानला नाही.

पहिला मोठा प्रयोग बालकांच्या न्यूमोनियाचा होता. ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, ग्राम आरोग्यसेवक आणि परंपरागत सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून तोंडावाटे औषध देण्याचे शिक्षण दिले गेले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. उपचार झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ आढळले, तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होते. हे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुईणींना बारापुढे मोजता येत नसे. मग मिनिटाला होणारे श्वास त्या कशा मोजणार? त्यासाठी एक साधे उपकरण तयार करण्यात आले: वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजावा. शिक्षकवर्गाने या उपकरणाचा विचार अवश्य करावा. विद्यार्थ्याला येत नाही म्हणून धडाच वगळण्याऐवजी येथे धडा विद्यार्थ्याच्या बेताचा केला गेला.

त्यानंतर नवजात बालकांचा प्रश्न हाती घेण्यात आला. जन्मापासूनच्या पहिल्या २८ दिवसांत होणारे मृत्यू हे बालमृत्यूंतील सर्वांत दुर्लक्षित असत, कारण ते घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होत आणि पुष्कळदा कागदावर येतच नसत. म्हणून उपचारापूर्वी एक वर्ष, १९९५-९६ मध्ये, ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांची घरोघर जाऊन केवळ पाहणी केली गेली. त्यांपैकी शेकडा ९५ बाळे घरीच जन्मली होती. शेकडा ५४ बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती प्रत्यक्षात मिळाली शेकडा २.६ बाळांना. या दोन आकड्यांमधील अंतर हाच पुढील सर्व कार्याचा पाया ठरला.

या ३९ गावांची लोकसंख्या सुमारे ३९ हजार, म्हणजे गावामागे सरासरी एक हजार. प्रत्येक गावात एक स्त्री आरोग्यदूत म्हणून निवडण्यात आली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या या स्त्रिया प्रसूतीच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहत, बाळ रडले नाही तर त्याला श्वास देत, वजन करीत, ताप पाहत, कमी वजनाच्या बाळाला ऊब देत आणि पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन छापील तक्त्यात नोंद करीत. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, अंग गार पडणे किंवा तापणे, अशा ठराविक लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली की जंतुसंसर्ग समजावयाचा. प्रथम रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. आईबाप तयार नसतील तर त्यांची लेखी संमती घेऊन आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे औषध देत असे. १९९३-९५ मध्ये या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यू शेकडा १६.६ वरून २.८ झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हा वृत्तांतही प्रसिद्ध केला.

इतके सांगून थांबले तर ती केवळ गौरवगाथा होईल. अधिकारीवर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. हे यश इंजेक्शनचे, की घरभेटीचे, की दर पंधरवड्यास गावात येऊन आरोग्यदूताच्या नोंदी पडताळणाऱ्या आणि तिच्या चुका तेथल्या तेथे दुरुस्त करणाऱ्या डॉक्टरचे? या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की एक उचलून दुसरी मागे ठेवणे धोक्याचे होते.

शासनाने योजना स्वीकारली, हे निर्विवाद. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ हे सूत्र ठरले आणि २०११ पासून नवजात बालकाच्या घरभेटींचे काम आशांकडे आले: रुग्णालयात प्रसूती झाल्यास सहा भेटी, घरी झाल्यास सात. मात्र इंजेक्शनचा भाग आशांच्या कामातून वगळला गेला. २०१४ मध्ये रुग्णालयात नेणे अशक्य असेल अशा प्रसंगी जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती परिचारिकांना, म्हणजे उपकेंद्रावरील एएनएमना. त्यामागील सावधगिरी समजण्यासारखी आहे. लाखो हातांत सुई देणे आणि निवडक ३९ हातांत देणे एक नव्हे. तथापि उपकेंद्र ते पाडा यांमधील अंतर पावसाळ्यात किती वाढते, हे गडचिरोली आणि मेळघाटातील सरपंचांना कोणी सांगावयास नको.

हजारामागे एक, हे प्रमाण गडचिरोलीच्या प्रयोगाशी जुळते. पण ते केवळ संख्येत जुळते. आशेकडे गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोग, कुटुंबनियोजन, निरनिराळी सर्वेक्षणे अशी कामे आहेत, आणि तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. घरभेटीची नोंदवही भरली म्हणजे घरभेट झाली, असे धरून चालण्याचा मोह या व्यवस्थेत मोठा आहे. आज राज्यात बहुतांश प्रसूती रुग्णालयात होतात. परंतु बाळ दोन-तीन दिवसांत घरी येते आणि धोक्याचे उरलेले दिवस घरीच काढते, म्हणून घरभेटीचे मोल कमी झालेले नाही.

तेव्हा नव्या संशोधकांपुढील प्रश्न आता बदलले आहेत. गावातील स्त्री हे काम करू शकते काय, याचे उत्तर मिळालेले आहे. तिच्यावर किती कामे लादली की हे काम ढिले पडते? पर्यवेक्षिका महिन्यातून किती वेळा आली तर नोंदी खऱ्या राहतात? वजनकाटा बिघडल्यावर तो दुरुस्त होऊन परत येण्यास किती दिवस लागतात? हे प्रश्न दिसावयास किरकोळ आहेत. पण यांचा अभ्यास करण्यास डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ आणि हिशेबतपासनीस तिघेही लागतील.

ग्रामपंचायतींचा या कामात वाटा आहे तो नोंदीचा. गडचिरोलीच्या प्रयोगात जन्म व मृत्यूंची मोजणी स्वतंत्रपणे केली गेली, म्हणूनच त्याच्या निष्कर्षांवर जगाला विश्वास ठेवता आला. तिसऱ्या दिवशी गेलेल्या, नावही न ठेवलेल्या बाळाची नोंद ग्रामपंचायतीच्या जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही वह्यांत झाली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती एकाही वहीत होत नाही, आणि वर्षअखेरीस तालुक्याच्या तक्त्यात त्या गावापुढे शून्य मृत्यू दिसतात.