शाळेचा दरवाजा आणि लशीचा दाखला
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत नाव घालायचे असेल तर मुलाने सगळ्या लशी घेतल्याचा दाखला आणलाच पाहिजे, असा कायदा राज्याने करावा काय? केला तर सूट कोणाला द्यावी? या प्रश्नावर मंडळाची भूमिका ठरवावी अशी मागणी सभासदांकडून आली. कार्यकारिणीत यावर दोनदा बसणे झाले आणि दोन्ही वेळा आवाज चढले. शेवटी जे ठरले ते आणि का ठरले ते आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मागच्या बाकावर कुजबुज नको. आम्ही लशीच्या बाजूचे आहोत. या सभेत पन्नाशीच्या पुढचे जे बसले आहेत त्यांनी बाही वर करून दंडाकडे पाहावे. देवी काढल्याचे वण दिसतील. (तरुणांच्या डाव्या दंडावर एकच छोटा वण असतो, तो बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. दोन्हींत गल्लत करू नका.) देवीने घरेच्या घरे ओस पडल्याच्या गोष्टी आपल्या आज्या सांगत, त्या काही मनोरंजनासाठी नव्हेत.

पण सक्तीचा कायदा ही आपल्याकडे नवी कल्पना आहे असे जे समजतात त्यांनी जरा मागे पाहावे. मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी आली होती. पुढे पाऊणशे वर्षांनी सक्ती आली. मुंबई शहरापुरता 1877 चा कायदा, मग 1880 चा हिंदुस्थान सरकारचा लसटोचणी कायदा, आणि मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी 1892 चा. आपला उत्तर कानडा 1862 मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत तिथेच राहिला, तेव्हा या कायद्यांचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे. सरकार ज्या गावाला कायदा लागू करी तिथे बापाने किंवा पालकाने मूल टोचणाऱ्यापुढे न्यायचे, नाही नेले तर दंड. सूट दोनच गोष्टींना होती. मूल आजारी, अशक्त असेल तर काही काळ पुढे ढकलण्याचा दाखला, आणि टोचूनही लस उठतच नसेल तर तसा दाखला. 'आमच्या मनाला पटत नाही' ही सूट नव्हती.

आता गंमत पाहा. त्याच इंग्रजांनी आपल्या देशात 1898 मध्ये कायदा बदलला आणि ज्या पालकाचे मन खरोखर मानत नाही त्याला सूट दिली. विलायतेतल्या माणसाला मन होते, सुपे पेट्यातल्या माणसाला फक्त दंड होता! आम्ही हे कडवटपणाने सांगत नाही, पण सूट कोणाला मिळते हा प्रश्न नेहमी सत्तेचाच असतो, एवढे लक्षात असू द्या.

आणि त्या कायद्याने देवी गेली का? कायदा पुस्तकात पाऊणशे वर्षांहून जास्त होता आणि देवी होतीच. ती गेली 1967 नंतरच्या मोहिमेने. घरोघर रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचे, ही ती पद्धत. भारतात देवीचा शेवटचा रोगी 1975 च्या मे महिन्यात सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. 1880 चा तो कायदा संसदेने 2001 मध्ये रद्द केला, तोवर त्याची आठवण कोणाला नव्हती. जबरदस्ती त्या मोहिमेतही काही ठिकाणी झाली, हे लपवायचे कारण नाही. पण कामाला आला तो दारापर्यंत चालत गेलेला माणूस.

आजची स्थिती काय? लहान मुलांच्या नेहमीच्या लशी सक्तीच्या करणारा देशव्यापी कायदा भारतात नाही. 1985 पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आहे, लशी फुकट आहेत, आणि बहुतेक आईबाप त्या घेतात. सार्वजनिक आरोग्य हा राज्याच्या यादीतला विषय, शिक्षण 1976 च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती यादीत. म्हणजे बेंगळूरुला मनात आले तर कायदा करता येईल. साथीच्या काळासाठी 2020 चा कर्नाटक साथरोग कायदा हाताशी आहेच.

करता येईल हे आपण अनुभवलेही आहे. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला ओमिक्रॉन आला तेव्हा कर्नाटक सरकारने नियम काढला की ज्यांची मुले शाळा-कॉलेजात जातात त्या आईबापांनी कोविडच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असल्या पाहिजेत. लस घ्यायची बापाने आणि शाळा अडायची मुलाची! त्याच सुमारास पुदुच्चेरीने आपल्या 1973 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली कोविडची लस सर्वांनाच सक्तीची केली. पुढे 2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या पीठाने सांगितले की कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमात येतो. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधने घालू शकते, ती प्रमाणात असली पाहिजेत. लस न घेतलेल्यांवर तेव्हा घातलेली बंधने प्रमाणात नव्हती असे न्यायालयाचे मत पडले. मुलांना लस देण्याचे सरकारचे धोरण मात्र न्यायालयाने मोडले नाही. दोन्ही बाजूंचे लोक या निकालाचे आपल्याला हवे तेवढेच अर्धे वाचतात, म्हणून पूर्ण सांगितले.

शाळेतल्या लशीचा खरा धडा आम्हांला 2017 मध्ये मिळाला. त्या वर्षी 5 फेब्रुवारीला गोवर-रुबेलाची मोहीम ज्या पाच ठिकाणी सुरू झाली त्यांत कर्नाटक आणि गोवा दोन्ही होते. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना, आधी लस झालेली असो वा नसो, आणखी एक मात्रा. टोचायचे ठिकाण मुख्यतः शाळा. मोबाईलवर अफवा फिरल्या, मुले शाळेला दांड्या मारू लागली, शिक्षकांची त्रेधा उडाली. आपल्याकडच्या कित्येक आईबापांना कागद आला तो कन्नडमध्ये. ज्यांना वाचता आला नाही त्यांच्यापैकी काहींनी मास्तरांवर विश्वास ठेवून अंगठा दिला, काहींनी त्या दिवशी पोर घरीच ठेवले. यात लशीला विरोध कुठे होता? न समजलेल्या कागदाची ती भीती होती. दोन वर्षांनी, जानेवारी 2019 मध्ये, दिल्लीत याच मोहिमेवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि पालकांना फायदे-तोटे न सांगता, त्यांना न विचारता शाळेत सरसकट टोचता येणार नाही असे न्यायालयाने बजावले.

विचारायचे ते कोणत्या भाषेत, हा आपल्या मंडळाचा प्रश्न आहे. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्य लोकसंख्येच्या 15 टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाचे कायदे, नियम, सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करायच्या, हे केंद्राने राज्यांच्या संमतीने ठरवलेले धोरण फार जुने आहे. घटनेच्या 350 ब कलमाखाली त्यासाठी आयुक्त नेमलेला असतो. सीमेचा वाद न्यायालयात 2004 पासून आहे, तो तिथे चालू दे. पण आईला तिच्या लेकराच्या दंडात काय टोचणार हे मराठीत सांगायला न्यायालयाचा निकाल कशाला लागतो?

आता जोयड्याकडे येऊ. सक्तीच्या बाजूने बोलणारे आमचे मित्र म्हणतात, दाखल्याशिवाय प्रवेश नाही म्हटले की लोक आपोआप लस घेतील. शहरात कदाचित घेतील. आपल्या तालुक्यात ज्या मुलाची लस राहते ते मूल कोणाचे असते ते आठवा. गवळीवाड्यातले, जिथून रस्त्याला यायला दोन तास पायपीट. जंगलात आत राहिलेल्या कुणबी वाडीतले, जिथे पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव वाहून जातो. गोव्यात मजुरीला गेलेल्या जोडप्याचे, ज्याच्या दोन लशी तिकडे झाल्या, दोन इकडे आणि तायी कार्ड कुठल्या तरी खोलीत राहिले. सुप्याच्या धरणाने गाव उठले तेव्हा माणसांबरोबर कागदही कसे विखुरले हे रामनगरला जाऊन बसलेल्या आपल्या घरांना सांगायला नको.

शिवाय लशीचे स्वतःचे नियम आहेत. ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. बर्फाच्या पेटीतून नर्सबाई ती आणतात. गोवराची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. ठरल्या दिवशी बस चुकली, बाई आजारी पडल्या, हत्ती रस्त्यात आला, की त्या वाडीची पाळी पुढच्या महिन्यावर. अशा मुलाला सहाव्या वर्षी शाळेच्या दारातून परत पाठवले तर त्याची लस होणार नाही आणि शाळाही होणार नाही. उलट शाळा हीच अशी एक जागा आहे जिथे ते रोज सापडते! पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी या लशी शाळेच्या वयातच असतात, हेही विसरू नका.

कायद्यानेही ही अडवणूक टिकणे कठीण. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येणार नाही. मग लशीच्या दाखल्यासाठी कसा नाकारणार?

पण मंडळी, दुसरी बाजूही खरी आहे आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. गोवर हा हवेतून पसरणारा, अतिशय चिकट रोग. तो थोपवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा झालेल्या असाव्या लागतात. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवराने मुले गेली. ती लस नाकारणाऱ्यांचीच होती असे नाही, बरीच लस राहून गेलेल्यांची होती. एका वर्गातल्या पाचसहा घरांनी 'आमचा विश्वास नाही' म्हटले तर त्याची किंमत ज्याला आजारपणामुळे लस देताच येत नाही ते पोर मोजते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने याच कारणासाठी, डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवरानंतर, 2015 मध्ये 'वैयक्तिक विश्वासा'ची सूट काढून टाकली आणि फक्त वैद्यकीय सूट ठेवली. इटलीने 2017 मध्ये मधला मार्ग काढला, तो आम्हांला जास्त पटतो. दहा लशी सक्तीच्या, त्या नसतील तर सहा वर्षांखालच्यांना बालवाडीत प्रवेश नाही, पण शाळेच्या वयाच्या मुलाची शाळा बंद नाही, दंड आईबापाला. अर्थात तोही जसाच्या तसा इथे नको. आपल्याकडे बालवाडी म्हणजे अंगणवाडी, तिथेच पोषण आहार आणि तिथेच लस. ती बंद केली तर काय उरले?

एक जवळचे उदाहरण देऊन मागण्यांकडे वळतो. माकडताप आपल्याला परका नाही. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला, 2015 मध्ये सत्तरीतल्या पालीला, 2016 मध्ये दोडामार्गाकडे पोचला. गोचिडीपासून होणाऱ्या या तापाची लस जंगलाकाठच्या लोकांना वर्षानुवर्षे दिली गेली. दोन मात्रा, मग बूस्टर, मग पुन्हा दरवर्षी. 2022 मध्ये ती थांबवली, कारण तिचा जोर पुरेसा उरला नव्हता. ही लस कोणी कायद्याने सक्तीची करून ठेवली असती तर? म्हणून सक्तीची भाषा करणाऱ्या कोणत्याही कायद्यात लशीचे नाव, तिची तपासणी आणि ती यादीतून काढण्याची रीत लिहिलेली असलीच पाहिजे.

तेव्हा कार्यकारिणीने बहुमताने ठरवले ते असे. शाळाप्रवेशाच्या वेळी लशीची चौकशी जरूर व्हावी, पण प्रवेश त्यावर अडू नये. कार्ड हरवले असेल तर अंगणवाडीची किंवा आरोग्य केंद्राची नोंद चालावी, गोव्यातली नोंदही चालावी. ज्याची लस राहिली आहे त्याची यादी मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी आणि तीन महिन्यांच्या आत नर्सबाईंनी शाळेत येऊन ती पुरी करावी. वैद्यकीय सूट सरकारी डॉक्टरच्या सहीने, फुकट आणि तालुक्यातच मिळावी, त्यासाठी कारवारला खेटे नकोत. मनाला पटत नाही म्हणणाऱ्याने डॉक्टरसमोर बसून ऐकून घ्यावे, मग लेखी नकार द्यावा, आणि साथ आली तर त्या मुलाने तेवढे दिवस घरी राहावे. या शेवटच्या मुद्द्यावर आमच्यात एकमत झाले नाही, दोन सभासदांनी विरोध नोंदवला आहे, तो इतिवृत्तात आहे. आणि सगळे कागद मराठीतही.

निवेदनाचा मसुदा त्या टेबलावर ठेवला आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. आमदार साहेबांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकेक प्रत जाईल, तिसरी भाषिक अल्पसंख्य आयुक्तांना. सही करण्याआधी वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजाऱ्याने वाचून दाखवावे. ज्यांच्या वाडीत लस राहिलेले मूल आहे त्यांनी आपल्या शाळेच्या एसडीएमसीच्या सभासदाच्या कानावर घालावे. निवेदनाची वाट पाहू नये, आशाताईंना सांगून या महिन्यातच त्याला घेऊन यावे.