हत्ती गेला, नोंदी राहिल्या

आमच्या सार्वजनिक वाचनालयाची देवघेव 'पोस्टग्रेस' या डेटाबेसमध्ये नोंदली जाते. मी तिथला हौशी तंत्रज्ञ. मेहनताना म्हणाल, तर चहा.

पोस्टग्रेस विंडोजवर बसवताना चार गोष्टींसमोर आधीच खुणा केलेल्या असतात : सर्व्हर, पीजीअ‍ॅडमिन, स्टॅक बिल्डर आणि कमांड लाइन टूल्स. मी न वाचताच 'पुढे, पुढे' करत गेलो. यातलं पीजीअ‍ॅडमिन म्हणजे डेटाबेसमधले तक्ते माउसनं उघडून पाहण्याचं साधन. काउंटरवरच्या संगणकावर हत्तीचं चित्र आलं. त्यावर टिचकी मारली की सगळं समोर. मुख्य अधिकाराचा पासवर्डही मी त्यात साठवून ठेवला. रोज कोण टाइप करणार!

एका दुपारी नव्या मदतनीस मुलानं कुतूहलानं हत्ती उघडला. देवघेवीच्या तक्त्यावर काहीतरी दाबलं, 'काढून टाकायचं का?' या प्रश्नाला 'होय' म्हटलं आणि कोणतं पुस्तक कोणाकडे, हेच नाहीसं झालं. त्या पोराला काय बोलणार? किल्ली कुलपालाच ठेवून घरी गेलो होतो मी.

नशिबानं रोज रात्री 'पीजी-डंप' ही आज्ञा आपोआप चालून दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवत होती. ती परत चढवली. त्या सकाळच्या नोंदी तेवढ्या गेल्या. त्या कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरल्या.

मग मी पीजीअ‍ॅडमिन काढायला बसलो, तर ग्रंथपाल मॅडम घाबरल्या. "अहो, हत्ती काढलात तर पुस्तकंही जातील!" ही भीती मी शिकलेल्या माणसांतही पाहिली आहे. खरं तर सर्व्हर पडद्याआड चालत असतो. नोंदी त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. आमचा देवघेवीचा प्रोग्रॅम थेट त्याच्याशीच बोलतो, साधारणपणे ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर. पीजीअ‍ॅडमिन हाही बाहेरून येणारा एक पाहुणाच. तो गेला म्हणून घर पडत नाही.

कमांड लाइन टूल्स मात्र मी ठेवली. पीजी-डंप त्यांतच असतं. पीजीअ‍ॅडमिन स्वतंत्रपणे मिळतं, ते माझ्या लॅपटॉपवर बसवलं. तिथून जोडायला थोडी खटपट पडली : सर्व्हरच्या 'पीजी-एचबीए' फाइलीत लॅपटॉपचा पत्ता लिहायचा, फायरवॉलमध्ये वाट मोकळी करायची. अर्धा तास गेला. मायक्रोसॉफ्टनं २०१६ च्या एसक्यूएल सर्व्हरपासून मॅनेजमेंट स्टुडिओ वेगळा उतरवून घ्यायला लावला, तेव्हा दोनदा डाउनलोड कशाला, म्हणून मीच कुरकुरलो होतो.

मॅडमना आकडेवारी लागते, म्हणून त्यांच्या संगणकावर हत्ती पुन्हा आणला. पण त्यांच्या नावाला अधिकार फक्त वाचण्याचा. परवा त्यांनी मुद्दाम एक तक्ता काढायचा प्रयत्न केला. नकाराची लाल ओळ आली, तशी हसून मदतनीस मुलाला बोलावून दाखवली.