समुद्राच्या कानाने विश्वाचा वेध

सातपुड्यावर वीज चमकते आणि मागोमाग तोरणमाळचे कडे घुमू लागतात. तो गडगडाट म्हणजे विजेच्या उष्णतेने क्षणार्धात फुगलेल्या हवेचा आघात. हेच पाण्यातही घडावे, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ गुर्गेन अस्कारयान यांनी 1957 मध्ये सुचविले. प्रचंड ऊर्जेचा वैश्विक कण पाण्यातील अणूवर आदळला की कणांची सर उसळते, पाण्याचा अरुंद पट्टा किंचित तापतो, प्रसरण पावतो आणि एक सूक्ष्म ‘टक्’ उमटते. सुमारे 4 अंशांचे गोडे पाणी उष्णतेने फुगत नाही, म्हणून तेथे हा ध्वनीही मावळतो.

एवढा खटाटोप न्यूट्रिनोसाठी. हा कण पृथ्वीच्याही आरपार जातो, क्वचितच अडतो. 13 फेब्रुवारी 2023 रोजी सिसिलीजवळ साडेतीन किलोमीटर खोल समुद्रातील प्रकाशसंवेदकांनी सर्वाधिक ऊर्जेचा न्यूट्रिनो टिपला. जिनीव्हाच्या महायंत्रातील प्रोटॉनच्या सुमारे 30 हजार पट! असे पाहुणे विरळच. त्यांच्यासाठी शेकडो घन किलोमीटर पाण्यावर पहारा हवा. प्रकाश पाण्यात काही दशक मीटरांतच क्षीण होतो, ध्वनी मात्र किलोमीटरभर सहज पोहोचतो.

अडचण आहे ती गोंगाटाची. लाटा, पाऊस, जहाजे, डॉल्फिन, सारेच बोलत असतात. त्यामुळे केवळ ध्वनीवरून एकही न्यूट्रिनो अद्याप निर्विवाद सापडलेला नाही. सिसिलीजवळच 2005 मध्ये बसविलेल्या हायड्रोफोनांना कणांऐवजी स्पर्म व्हेल ऐकू आले, आणि तेही अपेक्षेहून अधिक!

या विद्येत भारत कधीकाळी अग्रभागी होता. 1965 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका व डरहॅम विद्यापीठांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, 2.3 किलोमीटर खोल, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील दुसऱ्या गटालाही यश आले. जगातील पहिल्या नोंदी या दोनच. 2001 मध्ये कोलारच्या खाणी बंद झाल्या. तामिळनाडूत थेनीजवळच्या भूमिगत वेधशाळेला केंद्राने 2015 मध्ये मान्यता दिली. ती अजून उभी राहिलेली नाही. ज्यांनी वाट पाडली, त्यांनीच थांबावे, हे सलते.

समुद्राच्या मार्गाला मात्र डोंगर पोखरावा लागत नाही. बहामाजजवळ अमेरिकन नौदलाने पाणबुड्यांच्या चाचण्यांसाठी अंथरलेले हायड्रोफोनच शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनोसाठी वापरले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांनीही तेच केले. आपल्या नौदलासाठी सोनार घडविणारी प्रयोगशाळा कोचीत आहे आणि न्यूट्रिनोचे जाणकार मुंबईत. नंदुरबारच्या एखाद्या विद्यार्थ्याने ही दोन गावे जोडायला काय हरकत आहे?