विहिरीतला युरिया

(नाशिकच्या अंबड येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बैठक अंबडला म्हटल्यावर आपले दोन कार्यकर्ते जालन्याच्या अंबडला निघाले होते. वेळेवर फोन झाला म्हणून बरे. खरे तर आजचा विषय त्या अंबडच्या मुलखाला जास्त लागू, कापूस-ज्वारीचा मुलूख तो. इथल्या अंबडकरांच्या जमिनी बऱ्याचशा औद्योगिक वसाहतीत गेल्या. पण मालेगाव, नांदगाव, येवल्याची मंडळी समोर बसली आहेत. त्यांच्याकडे कपाशीही आहे आणि विहिरीही आहेत.

मी शेतकीचा पदवीधर. कपाशीला नत्र किती आणि कधी द्यायचे, हे सांगत वीस वर्षे फिरलो. माती तपासा, असे गावोगाव सांगितले. विहिरीचे पाणी तपासा, असे एकदाही म्हणालो नाही. पिकाने न उचललेले नत्र जाते कुठे, हे कॉलेजात शिकलो होतो. बांधावर उभा राहिलो की ते आठवत नसे.

जाते ते खाली. युरिया जमिनीत पडला की काही दिवसांत त्याचे नायट्रेट होते. नायट्रेटला मातीचा कण धरून ठेवत नाही. मोठा पाऊस आला की भेगांतून, मुरमातून ते थेट विहिरीत. उकिरडा, गोठ्याचे मूत, संडासाचा शोषखड्डा, सगळ्यांची वाट तीच. पाणी मात्र नितळ दिसते. वास नाही, चव नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्याकडची मर्यादा. मी हिशेब मांडला. एक लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत न्यायला सव्वादोन किलो युरियातले नत्र पुरते. गोणी ४५ किलोची असते.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल पाहा. महाराष्ट्रातल्या दर शंभर नमुन्यांपैकी पस्तीस-छत्तीस या मर्यादेबाहेर निघाले. देशातल्या सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांत सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. ही यादी वाचताना मला कापसाचा नकाशाच दिसला.

मोठ्या माणसाला या पाण्याने लगेच काही होत नाही, उगाच घाबरू नका. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीच्या दुधावरच्या बाळाला. नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली हे प्रथम मांडले. तिथेही पाणी शेतावरच्या विहिरींचेच होते. बाळ निळसर दिसले तर अंगारा-धुपारा नको, तडक दवाखाना गाठा. त्यावर औषध आहे. आईच्या दुधातून नायट्रेट फारसे उतरत नाही, म्हणून अंगावर पिणारे बाळ सुरक्षित.

आणि पाणी उकळून ही गोष्ट जात नाही. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि टीसीएल पावडर यांचाही उपयोग नाही. आरओने कमी होते.

आपल्या एका कार्यकर्त्याने मला मोठ्या आनंदाने अहवाल दाखवला. नायट्रेट १४. मर्यादा ४५, म्हणजे पास. मी कागद उन्हात धरून खालची बारीक अक्षरे वाचली: आकडा नायट्रोजनच्या रूपात दिला होता. त्या मापात मर्यादा दहाची. चौदाला ४.४३ ने गुणा, नायट्रेट झाले ६२. वस्तीवर त्याच विहिरीच्या पाण्यात चार महिन्यांच्या नातवाची दुधाची पावडर कालवली जात होती. त्या संध्याकाळपासून गावच्या टाकीचे पाणी हंड्याने वस्तीवर जाऊ लागले. टाकीचा अहवाल आधी पाहिला, तो १८ होता. बाळ ठणठणीत आहे. तेव्हा अहवाल हातात आला की आकड्याआधी माप वाचा.

सरकारी तपासणी होते ती गावच्या नळाच्या पाण्याची. शेतातल्या विहिरीची कोण करतो? वेचणीला आलेल्या बाया दिवसभर तेच पाणी पितात. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे ठरले आहे. तो संच तुमच्या गावात आला का, आणि कुणाच्या कपाटात कुलूपबंद आहे, ते ग्रामसभेत विचारा. संचात रंग जुळवून अंदाज कळतो. शंका आली तर प्रयोगशाळा गाठा.

नायट्रेट वैरणीतही असते. ज्वारी ताणावर असली की मूळ नायट्रेट ओढते, पण पानाला त्याची प्रथिने करता येत नाहीत. ते धांड्याच्या बुडख्यात साठते. ताणानंतर पाऊस पडला की पहिले काही दिवस सर्वांत वाईट, आणि नेमके तेव्हाच आपण हिरवे दिसले म्हणून गुरे सोडतो. किराळ लागते ती वेगळी. ते कोवळ्या पोंग्यातले विष, वाळवल्यावर बरेचसे उडते. नायट्रेट कडब्यातही राहते. किराळीत रक्त लालभडक असते, नायट्रेटच्या विषबाधेत चॉकलेटी. गुरांच्या डॉक्टरला हे आवर्जून सांगा, कारण दोन्हींची औषधे निराळी. ताणावरची ज्वारी कापायचीच झाली तर बुडखा वीतभर उंच सोडा, उपाशी जनावरापुढे नुसती टाकू नका. मुरघास केला तर नायट्रेट बरेच घटते. भाकरीची काळजी नको, दाण्यात ते साठत नाही. शिजवलेली पालकाची भाजी रात्रभर उघडी ठेवून तान्ह्या लेकराला भरवू नका, एवढेच.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्यानेच पाणी नासवले. तसे नाही. २०१० साली स्फुरद-पालाशच्या किमती मोकळ्या केल्या आणि युरियाची तेवढी बांधून ठेवली. कर सोडून २४२ रुपयांना गोणी. त्याच्या शेजारी डीएपीची १३५० ला. पैसे नसलेला माणूस कोणती उचलेल? दराने ढकलले तिकडे आपण गेलो. पण विहिरीत गेलेले नत्र आपल्याच पैशाचे होते, हेही खरे. एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत, ओल पाहून, पेरून द्या. उकिरडा विहिरीपासून दूर न्या.

दाराशी प्लास्टिकच्या बाटल्या ठेवल्या आहेत. एकेक घेऊन जा. पंप दहा मिनिटे चालू द्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, नाव आणि गट नंबर लिहा. पाणी तसेच राहिले तर नायट्रेट बदलते, म्हणून बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशीच्या आत पोचवा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा संपल्यावर. ज्यांच्या वस्तीवर तान्हे मूल आहे त्यांनी आधी हात वर करा, त्यांच्या बाटल्या पहिल्या गाडीने जातील.